जोयतुनला पहिल्यांदा काय द्यावं

मोसद्दर अलीचे गुडघे गेले होते, निम्मे दात गेले होते, पण नजर शाबूत होती. इंग्लंडातल्या त्या हॉटेलचं दार ढकलून कुणी आत आलं, की हा माणूस इंडियन जेवण पहिल्यांदा जेवायला आलाय का मुरलेला आहे, हे त्याला लांबूनच कळायचं. नवखा माणूस लवकर कोट काढत नाही. मेनूकार्ड हातात धरून नुसता बघत बसतो, आणि बायको टेबलाखालून त्याला पायाने ढोसते, की अरे विचार ना. मग मोसद्दर जायचा. पण तो काहीच विचारायचा नाही. पापड ठेवायचा, चार वाट्यांचं तबक ठेवायचा, आणि दोन पावलं मागे सरून हात बांधून उभा राहायचा.

त्या चार वाट्यांत त्याचं सगळं शास्त्र होतं. एकीत आंब्याची गोड चटणी, दुसरीत चिरलेला कांदा, तिसरीत पुदिन्याचं दही, चौथीत लिंबाचं लोणचं. गोडावर जो तुटून पडतो त्याला आधी टिक्का मसाला. दह्याशीच घुटमळतो तो भित्रा, त्याला तंदुरी कोंबडी, कोरडी, म्हणजे आपण काय खातोय ते त्याला दिसतं. कांदा मूठभर घेतो त्याला भुना. लोणच्याला बोट लावून डोळे पुसतो आणि पुन्हा बोट लावतो, त्याला बेधडक झणझणीत मद्रास. आणि वाट्यांकडे न बघताच जो मोठ्याने सगळ्यात जहाल विंदालू मागतो, त्याच्याजवळ पाण्याचा जग ठेवायचा आणि संडास कुठे आहे ते बोलता बोलता सांगून टाकायचं. राहता राहिला तो, ज्याचं काहीच कळत नाही. त्याला कोर्मा. नारळ, साय, साखर. एकेचाळीस वर्षांत कोर्मा कुणी परत पाठवला नव्हता.

पाटीवर 'इंडियन' लिहिलेलं, आत आचाऱ्यापासून भांडी घासणाऱ्यापर्यंत सगळे बांगलादेशातल्या सिल्हेटचे. गोऱ्यांचं त्याने काही अडलं नाही आणि यांचंही नाही. गोरे जे जेवायचे ते यांच्यातला कुणी जेवायचा नाही. यांचं जेवण दुपारी चारला, दार उघडायच्या आधी, स्वयंपाकघरातच. कुतुब उल्ला आचारी वेगळं पातेलं चढवायचा. कधी सुकी मासळी, कधी बारीक मासे, कधी सातकोऱ्याची साल घातलेलं गोश्त. सातकोरा म्हणजे त्यांच्याकडचं मोठं लिंबू, आंबट नि वर कडूही. भाताचा ढीग मधे, भोवती सगळे उभ्याउभ्याच.

घर टेकडीपलीकडे ओल्डहॅम गावात. पण सहा दिवस मोसद्दर हॉटेलच्या माडीवरच झोपायचा, आणखी चौघांबरोबर. मंगळवारी सुट्टी, मंगळवारी घर. त्याचा नि जोयतुनचा सगळा संसार मंगळवारी झाला म्हणा ना. जोयतुन त्या दिवशी सातकोरा घालून गोश्त करायची, तो दोनदा भात घ्यायचा, मुलगी शाहेना वर्षावर्षाने उंच झालेली दिसायची, आणि बुधवारी सकाळी त्याची बस असायची. सगळ्यांचंच असं होतं, त्यामुळे कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

त्या जोयतुनच्या पोटात दुखणं निघालं. इस्पितळाने होते नव्हते ते उपाय केले आणि मग हॉस्पिसमध्ये पाठवलं, जिथे बरं करत नाहीत, दुखू देत नाहीत एवढंच. खोली चांगली होती. खिडकीतून झाड दिसायचं. जोयतुन म्हणायची, एवढी मोठी खोली आणि आत मी एकटी, शाहेनाच्या वेळी असती तर पाळणा ठेवायला जागा मिळाली असती.

तिचं एकच म्हणणं होतं. आपल्या घरी, आपल्या पलंगावर जायचं. डॉक्टरीणबाईही नाही म्हणत नव्हत्या. पण अन्नच पोटात जात नव्हतं. जॅनिस नावाची नर्स होती, गालावर खळी, चपला फटफटवत चालायची. तिने मोसद्दरला बाजूला घेतलं.

"मिस्टर अली, चार घास रोज गेले ना, तरी अंगात इतकं बळ येईल की घरी नेता येईल. आमचं जेवण त्यांना नको असतं. त्यांच्या आवडीचं काहीतरी आणा. काय आवडतं त्यांना?"

"ते माझ्याकडे लागलं," मोसद्दर म्हणाला. "हेच तर काम केलंय मी जन्मभर."

दुसऱ्या दिवशी कुतुबकडून सातकोऱ्याचं गोश्त करून घेतलं. डबा टॉवेलात गुंडाळून, दोन बसा बदलून आणला. झाकण काढलं. जोयतुनने वास घेतला आणि तोंड खिडकीकडे केलं.

"नको."

"अगं, तुझं आवडीचं आहे."

"माझं?" ती हसली. हसताना पोट धरावं लागे. "शाहेनाचे अब्बा, ते तुमच्या आवडीचं. त्या सातकोऱ्याने माझे दात आंबतात. लहानपणापासून."

"मग इतकी वर्षं करत होतीस ती?"

"तुमच्यासाठी. मंगळवार तुमचा होता ना."

मोसद्दरने झाकण परत लावलं. नीट बसेना, दोनदा लावलं.

"बाकीचे सहा दिवस काय करायचीस?"

"शाहेनाला हवं ते. चिप्स नि त्या डब्यातल्या घेवड्याच्या बिया. शाळेतून आली की तेच पाहिजे."

"आणि तू?"

"ती ताटात काय टाकेल ते. बाईमाणूस स्वतःपुरती चूल पेटवते का कधी?"

शाहेना कोपऱ्यात बसली होती. चाळिशीची झाली होती, औषधांच्या दुकानात कामाला होती. ती म्हणाली, "अम्मा, मी ताटात टाकायचे ते तू खायचीस?"

"मग काय फेकून देऊ?"

शाहेना उठून तिच्या उशा सारख्या करायला लागली. मग जोयतुनच म्हणाली, "मला तुमच्या हॉटेलातलं आणा."

"काय?"

"तुम्ही गोऱ्यांना देता ते. मी एकदाही खाल्लं नाही."

हे खरं होतं. घरातल्या बायका हॉटेलात जात नसत. तिथे दारू देतात, लोक काय म्हणतील. मालकाचीही बायको जायची नाही, तर वेटरची कुठून जाणार. जोयतुन त्या हॉटेलाच्या मागच्या दाराशी एकदाच गेली होती, देशात सासरे वारल्याची तार आली तेव्हा. कांद्याच्या पोत्यांपाशी उभी राहिली होती.

"त्या दिवशी स्वयंपाकघराच्या दाराच्या गोल काचेतून आत पाहिलं होतं मी," ती म्हणाली. "तुम्ही एका बाईला खुर्ची ओढून दिलीत. वाकून. माझ्या मनात आलं, या माणसाला कंबर लवते म्हणायची."

"ते कामच तसं असतं."

"तोंड बघून सांगता म्हणे, कुणाला काय आवडेल ते. जेवणावळीत सगळ्या बायका सांगतात, तुझ्या नवऱ्याला गोऱ्याच्या पोटातलं कळतं. तर माझं सांगा. मी नवीन गिऱ्हाईक. आणि तो काळा कोट घालून या, नाहीतर मी जेवायची नाही."

सकाळी मोसद्दरला वेगळीच उभारी आली. त्याने कोट इस्त्री केला, गळ्यात बो बांधला. ओल्डहॅमच्या बसमध्ये लोक बघायला लागले, पण सदुसष्टाव्या वर्षी बघणाऱ्यांचं काय एवढं. त्याच्या डोक्यात सारखं तेच, चार घास, मग घर, तिचा पलंग. वरच्या खोलीला पायऱ्या आहेत, पलंग खाली आणावा लागेल. शेजारच्या मुलांना सांगून ठेवलंही त्याने.

रविवार होता, भर दुपार. जॅनिस दारात भेटली.

"मिस्टर अली, लग्न आहे की काय?"

"गिऱ्हाईक आहे," मोसद्दर म्हणाला.

जोयतुनला उशांना टेकवून बसवलं होतं. शाहेनाने तिचे केस विंचरून डोक्यावर पदर दिला होता. मोसद्दरने पलंगावरचं सरकतं टेबल पुढे ओढलं, पांढरा नॅपकिन घडी घालून ठेवला, आणि वाकला. जोयतुनने ते नीट पाहून घेतलं. गोल काचेतून पाहिलं होतं ते आता समोर बघायला मिळालं.

"बसा, मॅडम," तो म्हणाला.

"पडलेच आहे," ती म्हणाली.

शाहेना हसली आणि मग तिने तोंडावर हात धरला.

त्याने पापड ठेवला, चार वाट्यांचं तबक ठेवलं, दोन पावलं मागे सरला आणि हात मागे बांधून उभा राहिला. नजर तयार.

जोयतुनने पापडाचा कपटा मोडला, ओठाला लावला आणि खाली ठेवला. औषधांनी तिचं तोंड आतून सोललं होतं. टोकदार काही सोसेना. लोणच्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही, वासानेच चुणचुणलं असणार. दह्यात बोट बुडवलं, पण ते गार म्हणून. कांदा डोळ्यांना नको झाला. चारही वाट्या तशाच राहिल्या. ती त्याच्याकडे बघत राहिली, तो तिच्याकडे.

आणि मोसद्दरला काही दिसेना. हजारो तोंडं वाचलेला माणूस. दुकानातली पोरगी, ट्रक चालवणारा, पाद्री, लग्नाच्या वाढदिवसाला आलेली म्हातारा-म्हातारी, सगळ्यांची जीभ त्याने बाहेरून ओळखली होती. आणि इथे जिच्याशी निकाह होऊन त्रेचाळीस वर्षं झाली तिच्या तोंडावर त्याला नुसतं तोंड दिसत होतं. थकलेलं, पिवळं, त्याची वाट बघत असलेलं. तिला तिखट आवडतं? तिला आंबट? वाढताना तिचा हात तेवढा त्याने पाहिला होता. त्याचं जेवण झाल्यावर ती जेवायची, आणि तो तेव्हा पलीकडच्या खोलीत लवंडलेला असायचा.

पिशवीत त्याने पाच डबे आणले होते. हात आपोआप एकाकडे गेला. मऊ आहे, तोंडाला लागणार नाही, असं त्याने स्वतःलाच समजावलं. झाकण काढलं, चमचाभर भात, वर चमचाभर रस्सा. पांढरट पिवळा.

जोयतुनने घास घेतला. तोंडात धरला. मोठ्या कष्टाने गिळला.

"ही खीर आहे का?"

"कोर्मा."

"कोर्मा मी लग्नात खाल्लाय. हा कोर्मा नव्हे." तिला राग आला नव्हता, नवल वाटत होतं. "हे तुम्ही कुणाला देता?"

एकेचाळीस वर्षं गिऱ्हाइकाला खोटं सांगायचं नाही ही त्याची सवय. तोंडून निघून गेलं. "ज्याचं काही कळत नाही त्याला."

बोलल्यावर त्याला कळलं काय बोललो ते. शाहेना खिडकीकडे वळली. जोयतुनने मान हलवली, एखादा बरोबर हिशेब ऐकावा तशी.

"मग बरोबरच दिलंत," ती म्हणाली.

"जोयतुन, दुसरे डबे आहेत. थांब, हे बघ, हे भुना, हे..."

"राहू दे. कोट काढा आता. गरम होत असेल."

दुसरा घास तिने घेतला नाही.

मोसद्दर तडक हॉटेलात गेला. कुतुबला म्हणाला, जेवढं येतं तेवढं सगळं थोडं थोडं कर. मासा तिखट, मासा फिका, डाळ, शिजवलेली भोपळ्याची पानं, पेज, सगळं. कुतुब म्हणाला, "भाईसाब, भाबींना नेमकं काय आवडतं ते सांगा, तेवढंच चांगलं करून देतो." मोसद्दर म्हणाला, "तू सगळं कर."

शाहेनाला विचारलं. ती म्हणाली, "अब्बा, मी अठरा वर्षं तिच्या हातचं खाल्लं आणि मला ठाऊक नाही. मला वाटायचं, तुम्हाला ठाऊक असेल." देशात फोन लावला. जोयतुनची एक बहीण होती, कानाने अधू. ती पलीकडून ओरडून सांगत होती, की जोयतुन लहानपणी फार गुणी होती, काही मागायची नाही.

सोमवारी त्याने नऊ डबे आणले. जोयतुन झोपली होती. मंगळवारी आणले. जोयतुन झोपली होती, आणि झोपेत कण्हत होती. डॉक्टरीणबाई त्याला बाहेर घेऊन गेल्या, खुर्चीवर बसवलं, म्हणाल्या की आता खायला लावायचं नाही. शरीर आता अन्न घेत नाही, जबरदस्ती केली तर त्रासच होईल. ओला बोळा फिरवून ओठ भिजवायचे.

"आणि घर?" मोसद्दरने विचारलं.

त्यांनी त्याच्या हातावर हात ठेवला. शेजारच्या मुलांनी पलंग खाली आणून ठेवला होता तो तसाच राहिला, बैठकीच्या खोलीत, वाटेत.

बुधवारी दुपारी जेवणाची गाडी आली. चाकांचा आवाज, झाकणांचा आवाज. एकेका दाराशी थांबत आली, आणि जोयतुनच्या दारावरून न थांबता पुढे गेली. मोसद्दर उठून उभा राहिला होता, तो परत बसला. डबे त्याच्या पायाशी होते. त्याने ते उघडले नव्हते आणि कुणी उघडायला सांगितलंही नव्हतं.

आवाजाने जोयतुनचे डोळे किलकिले झाले. तिने त्याला ओळखलं असावं. ओठ हलले, तो वाकला.

"जेवलात?"

"जेवलो," मोसद्दर म्हणाला. सकाळपासून त्याच्या पोटात पाणीही नव्हतं.

"भात होता?"

"होता."

ती पुरतं समाधान झाल्यासारखी पापण्या मिटून पडली. त्याने वाटीतला बोळा पाण्यात बुडवला, पिळला, तिच्या ओठांवरून फिरवला. पाणी गार हवं की कोमट, ते त्याला कळेना. बाजूच्या खोलीत चमचे वाजत होते.