राऊचा हिरवा दिवा

तिकडे राऊ गावात आजारी पडलेल्या कॉम्प्युटरची नाडी इथे अन्नपूर्णा भागात घरी बसून बघणारा माणूस अख्ख्या इंदुरात एकच, आणि ते माझे सासरे आहेत. बँकेतून निवृत्त झाल्यावर त्यांचे दोस्त पोहे-जलेबी आणि राजकारणात रमले, बाबा काळ्या पडद्यावरच्या पांढऱ्या अक्षरांत रमले. त्या पडद्यासमोर ते आंघोळ केल्याशिवाय बसत नाहीत. कमांड टाइप केली की चष्मा पुसून ती मोठ्याने वाचतात, आणि एंटर दाबण्याआधी घरभर ऐकू जाईल असं ओरडतात, "बहू, मिक्सर लावू नकोस, मशीन रीस्टार्ट होतंय!" मशीन तिकडे राऊला, मिक्सर आमच्या स्वयंपाकघरात. पण हे त्यांना सांगायची माझी तर सोडाच, सासूबाईंचीही टाप नाही.

हे मशीन म्हणजे साबणाच्या डबीएवढा कॉम्प्युटर, आणि त्याच्या पोटात नखाएवढं मेमरी कार्ड. तो राऊला, बाबांच्या थोरल्या बहिणीच्या घरी असतो. त्यांना आम्ही सगळे आक्का म्हणतो. आक्का एकट्या राहतात आणि एकटंच राहायचा त्यांचा हट्ट आहे. बंगळूरच्या त्यांच्या मुलाने तो एका अटीवर मानला. सकाळचा चहा झाला की आक्कांनी ओट्याजवळचं, त्या डबीला जोडलेलं बटण दाबायचं, मग आमच्या टेबलावर हिरवा दिवा लागतो आणि मुलाच्या मोबाइलवर निरोप जातो. हे ज्या दिवशी बंद पडेल त्या दिवशी आक्का बंगळूरला. मध्येच कोणी बघायला गेलेलं त्यांना खपत नाही. "पहारा द्यायला आलास क्या?" असं त्या सख्ख्या भावाला दारातच विचारतात.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी दिवा लागलाच नाही. बाबांनी शेजारणीला फोन केला. आक्का ठणठणीत होत्या, अंगणात पापड वाळत घालत होत्या. म्हणजे आजारी होती ती डबी. पण बंगळूरचा मुलगा फोनवर ऐकेना. "मामा, आज पडोसन होती, कल नसली तर? आज दिवसभरात चालू नाही झालं तर मी येतो, आणि आईला घेऊनच जातो."

बाबा पडद्यासमोर बसले. कार्डावरचं वाचता येत होतं, पण त्यावर नवीन काही लिहिता येत नव्हतं, म्हणून निरोपही निघत नव्हता. असं का झालं ते त्यांना लगेच उमगलं. झोपण्याआधी घरातला एकूण एक स्विच बंद करायचा हा आक्कांचा जन्माचा नेम, आणि त्यातून ती डबीही सुटत नसे. लिहिता लिहिता वीज गेली की फायली अर्धवट राहतात, आणि कधीतरी कार्डावरची सगळी मांडणीच विस्कटते.

"तेवढा एक स्विच चालू ठेवायला सांगा ना आक्कांना," मी म्हटलं.

"या उमरीत तिला बदलायचं, की कार्डाला?"

आता एकच उपाय होता, पूर्ण तपासणीचा हुकूम देऊन रीस्टार्ट. मग उठताना डबी स्वतःच अख्खं कार्ड तपासते आणि जमलं तर सुधारते. नाही जमलं, तर नवं कार्ड आणून सगळं पहिल्यापासून मांडायचं, म्हणजे दिवस गेलाच. मी न सांगता मिक्सर बंद केला. बाबांनी एंटर दाबलं आणि राऊशी संपर्क तुटला. बाबा पडद्याशी बोलत होते, "उठ भिया, उठ. आपल्या आक्काची बात आहे."

किती वेळ गेला कोण जाणे. पडद्यावर एक ओळ उमटली, मग भराभर बाकीच्या. बाबांनी तसाच फोन लावला.

"आक्का, बटण दाब."

"सकाळी दाबलं ना! कितनी बार दाबू?"

"एकदा दाब गं."

दिवा लागला. मला इतका अभिमान वाटला की मी चक्क टाळ्या वाजवल्या.

त्याच दिवशी बाबांनी अशी व्यवस्था केली की डबी कार्डावर काही लिहीतच नाही. वीज गेली की दिवसभराचं सगळं विसरते आणि सकाळी कोरी उठते. आक्का खुशाल स्विच बंद करतात. त्या संध्याकाळी बाबांनी मला पासवर्ड सांगितला. घरात स्वतःचा इंजिनिअर मुलगा असताना सांगितला मला! वर म्हणाले, "माझ्यानंतर दिवा तुझ्या टेबलावर ठेव. आणि आक्काला स्विचवरून काही बोलायचं नाही."

मी "काहीतरीच काय, बाबा" म्हणून विषय बदलला.

रोज सकाळी ते चहा समोर घेऊन बसतात, पण दिवा लागेपर्यंत घोट घेत नाहीत. लागला की म्हणतात, "आक्काचा झाला," आणि मग कप उचलतात. परवा दिवा जरा उशिराच लागला. बाबांनी कप उचलला तेव्हा माझ्या लक्षात आलं, माझाही चहा निवून गेला होता.