चटईवरची जागा
कसबा बावड्यात साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला आणि मळीचा वास यायला लागला, की मला नव्वदच्या दशकातलं ते नाताळचं गीत आठवतं. आमच्या चर्चसाठी दरवर्षी नवं गीत माझे वडील लिहायचे. ते गेल्यावर सगळ्यांनी ते काम माझ्यावर टाकलं. महिनाभर मी गव्हाणी, तारा, मेंढपाळ एवढंच लिहीत आणि खोडत होते. वडिलांसारखी एकही ओळ जमेना, आणि प्रार्थनेला बसलं तरी मन कोरडंच. शेवटी 'मला नाही जमणार' असं पाळकांना सांगायचं ठरवूनच मी बुधवारच्या प्रार्थनासभेला गेले. सभा कारखान्यातल्या एका फिटरच्या घरी होती. प्रार्थनेची पाळी त्याच्यावर आली. तो शेजारची चटई हातानं झटकून म्हणाला, "देवा, आज काय बोलावं सुचत न्हाय बघ. तू बस की हितं जरा." आणि पाव्हण्याला जागा द्यावी तसा खरंच सरकून बसला. कुणी हसलं नाही. मला मात्र एकदम हायसं वाटलं. वडिलांसारखंच लिही, असं देवानं मला कधी सांगितलं होतं? घरी येऊन त्याचंच वाक्य मी पहिली ओळ म्हणून लिहिलं, बाकीचं गीत भाकरी थापताना सुचलं. नाताळला ते ऐकून फिटर भर चर्चमध्ये ओरडला, "अवो, ह्ये तर मीच म्हणलेलं की!" अजूनही लिहिताना अडलं, की मी आधी शेजारच्या खुर्चीवरचा कपड्यांचा ढीग उचलते.