सणासुदीला उठणारी कळ

आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेला मी पहिलाच. स्वतःच्या दुखण्यावर लिहावं एवढा मी कोणी मोठा नाही, हे मला कळतं; वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. खरं तर मला लिहायचं आहे ते माझ्या थोरल्या बहिणीविषयी, अक्काविषयी.

जळगावला कॉलेजात असताना माझ्या पित्ताशयात खडे झाले. ऑपरेशन धुळ्याला झालं. उजव्या बरगडीखाली लांब टाके होते. खोकला आला की उशी पोटाशी घट्ट धरायची, एवढं शिकलो. पेज आणि ताक, दुसरं काही नाही. पडल्या पडल्या सावद्याचा आमचा केळीचा बाग आठवायचा आणि त्या ओल्या सावलीत अक्का असायचीच. लग्न होऊन ती पहूरला गेली, तेव्हापासून बाग मला अर्धा वाटे.

एकदा डॉक्टरांनी विचारलं, "या वयात हे सहसा होत नाही. घरात आणखी कोणाला असं दुखतं का? तुपातलं, तळलेलं खाल्लं की बरगडीखाली कळ, मग पाठीत, खांद्यापर्यंत, आणि उलटी?"

हे तर अक्काचं होतं. पुरणपोळीवर तूप घेतलं की तासाभरात ती पोट दाबून कोपऱ्यात बसे. माहेरी आली की सासूचा आवाज काढून सांगायची, "भांड्यांचा ढीग पडला का हिचं पोट दुखतं. एरवी बरी असते." आणि स्वतःच हसायची. एरवी ताटात भाकरी आणि ठेचा, म्हणून दुखत नसे, हे तेव्हा कोणाला ठाऊक? पित्त म्हणून तिला वर आणखी चमचाभर तूप पाजत.

मी वडिलांना सांगितलं, "आबा, अक्कालाही हेच आहे. तिला इथं आणा."

आबा पागोट्याचं टोक चाचपू लागले. "लेकीच्या घरचं पानी पीत नाही मी. तिच्या सासूले काय सांगू? तुमची सून ढोंग करत नाही म्हनून?"

"तेच सांगा."

"शिकेल पोराचं बोलनं सोपं," ते म्हणाले. पण सकाळच्या एस.टी.नं पहूरला गेले.

मला जळगावच्या खोलीवर सोडायला चुलते आले. मोटारीचे आणखी धक्के सोसायचे नव्हते, म्हणून पहूरला जाता येईना. आबांना लिहिता येत नव्हतं. कोणाचा निरोपही नाही. दुपारी खाटेवर पडून मी जिन्यावरच्या वहाणा ऐकायचो. दुसऱ्याच कोणाच्या असत. सासूनं आबांना दारातूनच परत पाठवलं असेल, तर अक्का पुढच्या सणाला पुन्हा तूप घेईल, एवढंच मनात येई.

शेवटी आबाच आले. धोतर मळलेलं, दाढी वाढलेली. खाटेच्या कडेला बसले.

"धुळ्यालेच होतो तिच्याजोळ," ते म्हणाले. "झालं ऑपरेशन. आता घरी आनलीये, सावद्याले. तुले सांगायले लावलंय तिनं, तिचे खडे तुह्याहून मोठे निंघाले."