मोहन्यात मागे राहिलेले सबनीस काका

अकरा वर्षं मी एका छोट्या प्रवास कंपनीत लोकांची बुकिंगं केली. जानेवारीत साहेबांनी विचारलं, "वर्षा, गाइडचं काम करशील?" विचार करायला मी दोन दिवस मागितले आणि दोन तासांत हो म्हणाले. अट एवढीच होती, की आधी कंपनीच्या जुन्या गाइड माधवीताईंबरोबर शिकाऊ म्हणून एक सहल करायची.

सहल ठाणे आणि कल्याणची होती. दोन दिवस, आठ पर्यटक, रात्री मुक्काम आपापल्या घरी. आम्ही डोंबिवलीकर ठाण्याला कामाला जातो, खरेदीला जातो, पण बघायला कोण जातं? तुम्हाला असं काही करायचं असेल तर थंडीत करा, सकाळी सातला निघा आणि दुपारी बारा ते तीन सावलीत काढा. पुढचं वाचताना मात्र हे लक्षात ठेवा, की ही सहल नीट पार पडली नाही. ती माझ्यामुळे बिघडली.

पहिला दिवस ठाण्यात गेला. मासुंदा तलावाजवळ जमलो तर माधवीताई आमच्या आधी अर्धा तास येऊन बसलेल्या. साठीच्या आसपासच्या, पायांत कॅनव्हासचे बूट, पाठीवर औषधांची छोटी बॅग. आदल्या आठवड्यात त्या सगळा रस्ता स्वतः चालून आलेल्या. स्वच्छतागृह कुठलं उघडं असतं, चढ कुठे आहे, जवळचा दवाखाना कोणता, सगळं वहीत होतं. प्रत्येकाला बाजूला घेऊन त्यांनी तब्येतीचं विचारलं. चारचौघांत विचारलं की माणसं खोटं सांगतात, असं त्या मला नंतर म्हणाल्या.

तिथेच सबनीस काका भेटले. वय अठ्ठ्याहत्तर, राहायला कोपरीत मुलाकडे. कल्याणजवळच्या मोहन्याच्या रेयॉन कारखान्यात त्यांनी तीस वर्षं काढली होती. दुसऱ्या दिवशी मोहने आहे म्हणूनच आले होते. "मला शुगर आहे," ते ताईंना म्हणाले. "गोळी घेतली की वेळेवर खावं लागतं. बाकी ठणठणीत."

ताईंनी मला जवळ बोलावलं. "वर्षा, तू सगळ्यांच्या शेवटी चालायचं. काकांच्या पुढे एक पाऊलही जायचं नाही."

तो दिवस सुरेख गेला. मंदिर, जुन्या गल्ल्या, मग तर्रीदार मिसळ (दोघांत तीन पाव पुरतात, जास्त मागवू नका), संध्याकाळी खाडीकाठ. ताई बोलताना स्वतः उन्हाकडे तोंड करून उभ्या राहायच्या, म्हणजे ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांवर ऊन येत नाही. शेवटचा माणूस पोहोचेपर्यंत तोंड उघडायच्या नाहीत. कुणीतरी एका देवळाचं वय विचारलं, तर सरळ म्हणाल्या, "मला नक्की माहीत नाही. घरी जाऊन बघते आणि कळवते." मी असते तर काहीतरी ठोकून दिलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कल्याणला दुर्गाडी. चढ फारसा नाही, पण वर पाणी मिळेलच असं नाही, बरोबर ठेवा. किल्ल्याचं उरलंय थोडंच. वरून खाडी आणि पूल बघत बसावं. तिथून कंपनीच्या गाडीने शहाडमार्गे मोहन्याला निघालो आणि वाहतुकीत पाऊण तास अडकलो. जेवण साडेबाराला ठरलेलं, ते लांबणार हे दिसत होतं. ताईंनी गाडीतच सगळ्यांना बिस्किटं दिली. काकांनी एकच खाल्लं. खिडकीबाहेर बघत होते.

कारखाना बंद आहे, आत जाता येत नाही. फाटकाबाहेर उभं राहून काका दहा मिनिटं बोलले. पाळीचा भोंगा, कपड्यांना येणारा औषधांचा वास, वसाहतीतल्या दोन खोल्यांत झालेली मुलाची मुंज. ताई मध्ये एक शब्द बोलल्या नाहीत. मग आम्ही जुन्या खोल्यांच्या रांगेतून चालत निघालो. बऱ्याच दारांना कुलपं होती.

मी शेवटी होते. हातात मोबाइल, याच ब्लॉगसाठी व्हिडिओ घेत होते. काका एका पायरीपाशी थांबले आणि म्हणाले, "जरा बसतो इथे. तू थांबशील ना?"

"हो काका," मी म्हणाले. ऐकलं होतं मी, पण कानांनीच. एका दारावरची रंगीत नक्षी घ्यायला पुढे गेले, मग त्याच्या पुढचं दार, आणि तशीच गाडीपाशी पोहोचले.

ताईंनी माणसं मोजली. सात.

"काका?"

"येतायत मागून."

"तू बघितलंस त्यांना येताना?"

नाही म्हणायला मला वेळ लागला. तेवढ्यात ताईंनी बाकीच्यांना चहाच्या टपरीच्या सावलीत बसवलं आणि स्पष्ट सांगितलं, की एक जण मागे राहिलेत, आम्ही आणायला जातोय, इथून कुणी हलू नका. आवाज चढला नाही. मला म्हणाल्या, "आलीस त्याच वाटेने परत जा. मी पलीकडच्या गल्लीतून येते. फोन चालू ठेव."

काका त्याच पायरीवर होते. शर्ट घामाने भिजलेला, हात थरथरत होते. मी नाव विचारलं तर माझ्याकडे नुसते बघत राहिले. मी घाबरून त्यांच्या तोंडाला बाटली लावणार, तोच फोनवर ताई म्हणाल्या, "थांब. बोलतायत का? गिळता येतंय का ते आधी बघ." त्या धावत आल्या. काकांना घोट घेता येतोय हे बघून ग्लुकोजचं पाणी थोडं थोडं पाजलं, पाठीला हाताचा आधार देऊन बसल्या, घड्याळ बघत राहिल्या. पंधरा मिनिटांनी काकांनी स्वतःचं नाव सांगितलं. मग पोळी-भाजी खायला घालून आम्ही त्यांना दवाखान्यात नेलं. बाकीच्यांना ड्रायव्हरने जेवायला नेलं.

मुलगा तासाभरात पोहोचला. "बाबा, कशाला एकटे भटकायला गेलात?"

"चुकलं माझं," काका म्हणाले. "कसा मागे राहिलो, आठवतच नाही."

"नाही हो, जबाबदारी आमची होती," ताई म्हणाल्या. मुलाला ते शिष्टाचाराचं बोलणं वाटलं असणार. मी भिंतीला टेकून उभी होते.

संध्याकाळी ताई म्हणाल्या, "अहवाल तू लिही." मी लिहिलं, 'एक पर्यटक गटापासून वेगळे झाले.' त्यांनी वाचलं आणि कागद परत दिला.

"कोण कोणापासून वेगळं झालं, वर्षा?"

मग मी व्हिडिओसकट सगळं त्यांना सांगितलं आणि तसंच लिहिलं. त्या रागावल्या नाहीत. "तुला एकटीला मागे ठेवलं ती माझीही चूक," एवढंच म्हणाल्या. "उद्या काकांना फोन कर. सहल संपली तरी ते काम संपत नाही."

दुसऱ्या दिवशी फोन केला. काकांचा आवाज बारीक होता. "बरा आहे. मुलाने माझं एकट्याने बाहेर जाणं बंद केलंय. बरोबर आहे त्याचं. डोकं चालेनासं झालंय माझं."

फोन ठेवला आणि स्टेशनकडे निघाले. कोपरीत त्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर. मुलानेच दार उघडलं. मी बसले नाही, उभ्यानेच सांगितलं. "काका कुठेही भटकले नव्हते. जरा बसतो, थांबशील ना, असं त्यांनी मला विचारलं होतं. मी हो म्हणाले आणि पुढे निघून गेले. ते सांगितलेल्या जागीच बसून होते."

"हे काल का नाही बोललात?" मुलगा म्हणाला.

"भीती वाटली."

"मी तक्रार करणार आहे."

"करा."

त्याने केली. आता वर्षभर मला एकटीने गट न्यायचा नाही, ताईंच्या हाताखालीच राहायचं. मला ते योग्य वाटतं. तो व्हिडिओ मी इथे टाकलेला नाही, टाकणारही नाही.

डोंबिवलीला घरी हे लिहायला बसले तेव्हा दुर्गाडीवरून दिसणाऱ्या खाडीबद्दल खूप लिहायचं होतं. पण मनात राहिलंय ते कोपरीतलं घर. सगळं ऐकून काकांनी विचारलं, "म्हणजे मी तुला सांगून बसलो होतो?"

"हो काका. अगदी स्पष्ट सांगितलंत."

त्यांनी मान हलवली. मी बाहेर येऊन चपला घालत होते, तेव्हा आतून त्यांचा आवाज आला. "उद्यापासून दूध मी आणत जाईन."

मग मुलगा म्हणाला, "बरं बाबा."