उपडी पडली तर चहा तुझा

विजू गेल्याचा फोन आला तेव्हा मी चहाचं आधण ठेवलं होतं. पुण्याहून तिच्या भाच्याने केला होता. "सुमाआत्या, आत्या सकाळी गेली," एवढंच तो बोलला. मग मी गॅस बंद केला आणि पडवीत जाऊन बसले. त्या दिवशी घरात चहा झालाच नाही. आता महिना उलटून गेला, तरी दुपारची ती वेळ आली की मला चुकल्यासारखं होतं.

मिठबावच्या अलीकडे, खाडीच्या तोंडाशी आमचं गाव. विजूचं घर आणि आमचं घर यांच्यामध्ये फक्त एक वई, काटक्यांचं कुंपण. पन्नास-पंचावन्न सालच्या सुमाराला आम्ही दोघी परकराच्या वयाच्या होतो आणि विजूकडे एक मोठी पिवळसर कवडी होती. कुठल्याही कामावरून आमचं भांडण जुंपलं की ती कवडी काढायची. "उपडी पडली तर तू, उताणी पडली तर मी." विहिरीवर जायचं असो, वाळत घातलेली आमसुलं उलथायची असोत, काम बहुतेक वेळा माझ्याच वाट्याला यायचं. मी आपली नशिबाला बोल लावत कळशी उचलायची.

खरी भानगड कळली ती तिचा दादा कोल्हापूरहून इंटरची पुस्तकं घेऊन घरी आला तेव्हा. त्यातल्या बीजगणिताच्या शेवटी संभाव्यतेचं प्रकरण होतं. दादाने ते कधी उघडलंही नसावं, विजूने मात्र त्याचा फडशा पाडला. पुस्तक इंग्रजी, आमचं इंग्रजी तुटपुंजं. एकेक उदाहरण लावायला दुपार जायची. पिशवीत पांढरे आणि काळे चेंडू असतील तर अमुक निघण्याची शक्यता किती? चेंडू कुठून आणणार... विजूने तिच्या आईच्या पिशवीत काजूबिया आणि सुपाऱ्या भरल्या आणि डोळे मिटून मला काढायला लावल्या. पत्त्यांची उदाहरणं आली तेव्हा पंचाईत झाली, कारण आबांच्या, म्हणजे विजूच्या वडिलांच्या, घरात पत्त्यांना सक्त बंदी. "बावन्नात राजे चार," असं विजू मोठ्याने घोकत होती तेवढ्यात आबा दारात! "खंय शिकलंस गो ह्यां?" त्यांचा आवाज ऐकून मी वईवरून उडी टाकून पळाले.

त्याच प्रकरणाच्या नादात तिने मला नाण्याचा अर्धा-अर्ध्याचा हिशेब समजावला. मी म्हटलं, म्हणजे कवडीचंही तसंच. तेव्हा बाईसाहेब हसायलाच लागल्या. "नाण्याक दोन बाजू सारख्या, सुमा. कवडीची पाठ वेगळी, पोट वेगळा. तिका विचारूक व्हया, टाकून बघूक व्हया." आम्ही खूप वेळ टाकत बसलो. आमची कवडी उताणी कमी आणि उपडी पुष्कळ जास्त पडत होती. हे तिला आधीच माहीत होतं! मी चार दिवस अबोला धरला. पण खरं सांगायचं तर गणित माझ्या डोक्यात शिरलं ते त्या रागामुळे.

मॅट्रिकला विजू चांगल्या मार्कांनी पास झाली आणि घरात प्रश्न उभा राहिला, मुलीला कोल्हापूरला कॉलेजात धाडायचं की मुंबईचं आलेलं स्थळ बघायचं? आबांचं मन धड इकडे ना धड तिकडे. शेवटी आमच्याकडे जे होतं तेच झालं, रवळनाथाला कौल लावायचा ठरला. देवाच्या अंगावर दोन्ही बाजूंना ओले कळे, म्हणजे फुलांच्या कळ्या, चिकटवतात. उजवा आधी पडला तर कॉलेजला देवाची परवानगी, डावा पडला तर नाही.

त्या सकाळी देवळात मी आणि विजू खांबाला टेकून उभ्या होतो. तिने माझा हात घट्ट धरला होता. मी पुटपुटले, "अर्धी तरी शक्यता आसा गो." ती तशातही म्हणाली, "कळो म्हणजे नाणा न्हय."

गुरवाने गाऱ्हाणं घातलं... डावा कळा पडला. आबांनी नारळाचा नवस बोलला, पुन्हा कळे लावले. पुन्हा डावा. विजूने डोळे मिटून घेतले. गुरव अवघडून म्हणाला, "आबानू, देव नको म्हणता. चेडवाक घराक ठेवा." आबा देवाकडेच बघत होते. "नको म्हणूक नाय, इचार करता. परत लाव." गुरवाने लावले. मग परत, आणि परत. देवळात आलेली माणसं कुजबुजायला लागली. आणि शेवटी एकदाचा उजवा कळा घरंगळला. आबांनी झटकन अंगारा उचलला आणि आम्हाला जवळजवळ ओढतच बाहेर काढलं, देवाने मत बदलायच्या आत!

वाटेत विजू डोळे पुसत होती आणि हसत होती. "उजवो पडेपर्यंत लायत रवला तर उजवो पडतलोच गो! ह्याका कौल म्हणतत?" पुढे पुण्याच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायला लागल्यावर तिने हे एकदा आबांना रीतसर मांडून दाखवलं. आबा पान जुळवत होते. मान वर न करता म्हणाले, "ता माका तेवाच म्हायत होता. नायतर कित्याक परत लावलंय असतंय?" हे विजू दर वेळी आबांच्याच आवाजात सांगायची.

दर मे महिन्यात ती गावी यायची. दुपारी माझ्या पडवीत कवडी टाकायची. उपडी पडली तर चहा मी करायचा, उताणी पडली तर तिने. सगळं ठाऊक असून मी हरायला तयार असायचे. मागच्या खेपेला ती आली ती औषधांचा डबा घेऊन. निघताना कवडी माझ्या हातात ठेवली. मी म्हटलं, तू बरी होशील ना म्हणून रवळनाथाला कौल लावते. "आणि डावो पडलो तर?" "परत लावीन." हसता हसता तिला खोकल्याची उबळ आली.

मी कौल लावला. पहिल्याच वेळी उजवा पडला. धावत येऊन तिला फोन केला, तर म्हणते कशी, "एका कळ्यावरसून काय ठरणा नाय गो, सुमा..." तिच्यातल्या मास्तरणीचा मला त्या दिवशी भयंकर राग आला. आता वाटतं, मला सावरायलाच ती तसं बोलली.

कवडी आता चहाच्या डब्याशेजारी असते. दुपारी मी ती पडवीत टाकते. उपडी पडली की मुकाट्याने उठते, आधण ठेवते. काल मात्र उताणी पडली. म्हणजे पाळी तिची. मी उचलली आणि परत टाकली. पुन्हा उताणी. आबांसारखी मीही टाकत राहिले, उपडी पडेपर्यंत.