चूलबंद आवतण आणि वरच्या मजल्यावरचे उपास

बोरगाव मेघेतल्या आमच्या घराच्या वर दोन खोल्या होत्या, आणि त्या दोन खोल्यांपायी गल्लीने आमच्याशी वर्षभर वैर धरलं. नव्वदचं दशक सरत आलं होतं. बाबा गेल्यावर आईने त्या खोल्या आफ्रिकेतून शिकायला आलेल्या चार पोरांना भाड्याने दिल्या. कोणी केनियाचा, कोणी टांझानियाचा. गल्लीने मात्र चौघांना एकच नाव दिलं होतं, ‘ते वरचे’.

आईला ते फार आवडत होते असं समजू नका. पाण्याच्या टाकीवरून ती रोज त्यांच्याशी भांडायची. त्यांच्यातला थोरला तर फारच ताठ. शेजारून जाताना ओळखच दाखवायचा नाही. गल्लीनेही त्याला कधी दाखवली नव्हती, तो भाग वेगळा. मी तेव्हा तिशीतला, किराणा दुकान सांभाळणारा, आणि जो बोलेल त्याच्याकडे बघून मान हलवणारा गृहस्थ. पुढे मला मानेचं दुखणं लागलं, त्याचं मूळ डॉक्टरला कधी सापडलं नाही. मला माहीत आहे.

दिवाळीच्या सुमाराला समोरचे काका आमच्या ओट्यावर आले. त्यांचं कापडाचं दुकान होतं आणि गल्लीत त्यांचाच शब्द चालायचा. संक्रांतीपर्यंत खोल्या रिकाम्या करा, नाहीतर आपलं येणंजाणं बंद, एवढं सांगून चहा न घेता गेले. थोरल्याची शेवटची परीक्षा होती उन्हाळ्यात, बाकीच्यांचीही. त्याने पार नालवाडीपर्यंत दुसरी खोली शोधली, पण कोणी फाटकाच्या आत घेईना. खोली गेली की परीक्षा गेली, आणि घरून त्याला दुसऱ्यांदा कोणी पाठवणार नव्हतं.

तेव्हा त्याने डोकं चालवलं. गल्लीमागच्या मोकळ्या प्लॉटवर आपल्या देशाकडचा मेळावा करायचा. गाणं, नाच, जेवण, सगळं मोफत, सगळ्यांना खुलं. लोक एकदा येऊन जेवले की मऊ पडतील, असा त्याचा हिशेब. आईने अट घातली की मांसमच्छी नको. त्यांनी पिवळ्या कागदावर पत्रकं छापली आणि गल्लीतल्या विजेच्या खांबांवर चिकटवली.

रविवारी सकाळपासून मोठ्या गंजात नारळाच्या दुधात चवळी शिजत होती. त्यांच्याकडे मक्याच्या पांढऱ्या पिठाचे घट्ट गोळे करतात. ते पीठ माझ्या दुकानात नव्हतं, म्हणून ज्वारीच्या पिठावर भागवलं. नागपूरहून मित्र ढोल घेऊन आले होते. ढोल वाजू लागले आणि गल्लीतली दारं पटापट लागली. काकांनी भजनाची कॅसेट मोठ्याने लावली. आली ती एक गाय, आणि तिनेही फक्त खांबावरचं पत्रक खाल्लं.

प्रेक्षकांत मी एकटा, म्हणून मला ओढून नाचायला उभं केलं. चिखलात रुतलेला बैल पाय काढतो तसं काहीतरी मी केलं असणार, कारण तेवढ्यापुरत्या गल्लीतल्या सगळ्या खिडक्या उघडल्या.

मग काका आमच्या फाटकाशी आले आणि आईला म्हणाले, “वहिनी, आमी काय भिकारी आहो का? खांबावर कागद लावून जेवाले बोलावता?”

काकांचं बरोबर होतं. आमच्याकडे जेवायला बोलवायचं तर घरचं माणूस उंबऱ्यावर जातं, कुंकू लावून हातावर अक्षत ठेवतं आणि सांगतं, चूलबंद आहे. म्हणजे त्या दिवशी तुमच्या घरची चूल पेटायची नाही, सारं घर आमच्या पंगतीला. असं आवतण नाकारलं तर उघड वैर. मानाने नाही म्हणायची सोय एकच, ती उपासाची.

काका वळले तशी आई आत गेली आणि ताटलीत कुंकू आणि अक्षत घेऊन आली. ती थोरल्याच्या हातात देऊन म्हणाली, “चाल माह्या मांगं. दारात उभा राहून कुंकू लाव अन् एवढंच म्हण, चूलबंद आहे, सारे येजा.”

“काऊन?” त्याने विचारलं. ‘का’साठीचा आमचा हा शब्द तो टाकीवरच्या भांडणांत शिकला होता.

“काऊन नाई. म्हण.”

ती पुढे, तो चपला काढून मागे, अशी घरोघर फेरी झाली. आईने वेळ बरोबर गाठली होती. घराघरातून फोडणीचे वास येत होते, त्यामुळे उपास कोणाला सांगता येईना. काकांच्या उंबऱ्यावर थोरल्याने तेच वाक्य जसंच्या तसं म्हटलं. काकांनी कपाळ पुढे केलं, पण बघितलं भिंतीकडे.

सगळे आले, तेराव्याला बसावं तसे बसले. कोणी म्हणालं नारळ जास्त झाला, कोणी म्हणालं तिखटच नाही, आणि पुन्हा वाढून घेतलं. ढोल वाजत होते तिकडे कोणी मान वळवली नाही. कोणाचं मन वगैरे बदललं नाही. हात धुतले, गेले.

पण अन्न पोटात गेलं होतं. ज्याचं चूलबंद जेवलो त्याला आपल्या पंगतीला बसवून परतफेड होत नाही तोवर त्याच्याशी वैर करता येत नाही, त्याला घराबाहेर काढणं तर दूरच. आणि ‘त्या वरच्याला’ आपल्या घरात पाटावर बसवायला गल्लीत कोणी तयार नव्हतं. संक्रांत आली, गेली. खोल्या होत्या तशाच.

शेवटी काकांनी मन घट्ट केलं. एका सोमवारी अक्षत घेऊन आमचा जिना चढले. मी खालच्या पायरीवर होतो. थोरल्याने दार उघडलं, अक्षतेकडे बघितलं आणि हात जोडले. “काका, आज उपास आहे.”

गुरुवारी गेले, उपास. शनिवारी गेले, उपास. मधला एक मंगळवार बघून गेले तर नेमकी चतुर्थी निघाली. काका आईवर उखडले, “वहिनी, यायच्यात कदीपासून असे उपास असतेत?”

आई तांदूळ निवडत होती. “उपासवाल्याले अडवाचं पाप मी नाई घेत, भाऊजी.”

पुढेही काका जिना चढले की कुठला ना कुठला उपास निघायचाच. त्या दिवसांत आमच्या स्वयंपाकघरातलं कॅलेंडर खिळ्यावर नव्हतं. कुठे गेलं म्हणून मी विचारलं, तर आईने मला दुकानात जायला सांगितलं.

शेवटचा पेपर झाला त्या दुपारी थोरला आमच्याकडे आलाच नाही. सरळ काकांच्या फाटकातून आत गेला, नळावर पाय धुतले आणि ओसरीत उभा राहिला. “काका, आज उपास नाई.”

काकू आतून पाट घेऊन आल्या. वरण, पोळी, वांग्याची भाजी. काका समोर बसून जेवले. त्याने भाजी पुन्हा मागून घेतली. हात धुतल्यावर काकांनी विचारलं, “खोली कदी सोडतं?”

“उद्या. सारेच.”

“बरं.”

तो उद्या जाणार हे आईला सगळ्यात शेवटी कळलं. संध्याकाळी तिने टाकीचं झाकण उघडून पाहिलं आणि त्याच्याशी कडाकडा भांडली. टाकी तर भरलेली होती.