प्रसूतीतला ‘त’ : सावेडी ते अकोले, दोन दिवस

पहिलं बाळंतपण माहेरी, हे आपल्याकडे ठरलेलंच. पण मीच ते विसरले होते. गेली चार वर्षं मी सावेडीतल्या बायकांना बाळंतपणात सोबत करते. कळा सुरू झाल्यापासून बाळ छातीशी येईपर्यंत तिच्याजवळ बसायचं, पाठ चोळायची, घोटघोट पाणी पाजायचं, धीर द्यायचा. इंग्रजीत याला डूला म्हणतात. मी दहावी झालेली. हे काम पुण्याच्या एका शिबिरात शिकले, पुढचं मोबाईलवरच्या वर्गांत. सावेडीतल्या एका डॉक्टरबाईंशी चांगलं जमलंय, त्या मला बिनदिक्कत आत बसू देतात. आणि आमच्या कॉलनीतली पूजा सातव्या महिन्यात माहेरी निघून गेली! तेव्हा डोक्यात प्रकाश पडला, की माझी सगळी ओळख सावेडीत आणि बाळ येणार अकोल्यात.

पूजाला आई नाही. आत्याने वाढवलं. बाळंतपणाची तिने फार धास्ती घेतली होती, आणि तिला मी आत हवी होते. तिथल्या प्रसूतिगृहाचा नियम मात्र असा, की आत एकच बाई, तीही घरची. दिवस भरायला तीन आठवडे राहिले होते. आमचे हे म्हणाले, फोन करून विचार. पण फोनवर ‘नाही’ म्हणायला काहीच लागत नाही. समोर बसलेल्या माणसाला म्हणताना जरा वेळ लागतो. म्हणून देवापुढे साखर ठेवली आणि निघाले. माझ्यासारखं काम करणाऱ्या बऱ्याच जणी हे वाचतात, त्यांच्यासाठी वाटेसकट सगळं लिहिते.

तारकपूर स्टँडवरून सकाळी संगमनेरची गाडी धरली. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे संगमनेरपर्यंत शंभराच्या आत काम झालं. राहुरी, कोल्हार, लोणी असा रस्ता. खिडकीबाहेर ऊसच ऊस. कोल्हारला बसल्या जागेवरून देवीला हात जोडले. शेजारच्या बाईंना अकोल्याला चालले म्हटलं तर त्यांना विदर्भातलं अकोला वाटलं. उद्या सकाळपर्यंत पोचाल, म्हणून त्यांनी मला धीर दिला. संगमनेरला गाडी बदलून अकोल्याची धरायची. स्टँडवर खायच्या भानगडीत पडले नाही, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बरोबर होती. चहा तेवढा घेतला.

अकोल्याच्या पुढे देशच बदलतो. ऊस मागे राहतो, डोंगर जवळ येतात, हवा गार होते. अकोल्याहून राजूरच्या बाजूला काळी-पिवळी जीप मिळते, पण ती भरल्याशिवाय हलत नाही. आमची भरली तेव्हा माझ्या मांडीवर कुणाची तरी कोंबडी होती. पूजाचं गाव भंडारदऱ्याच्या अलीकडे आहे. पोचले तेव्हा चार वाजले होते.

पूजाच्या आत्या अंगणातच उभ्या होत्या. पाय धुवायला पाणी दिलं, गूळ दिला आणि मी टेकायच्या आत विचारलं, “ही डुला म्हंजी काय असतंय ओ ताई? डुलायचं का?”

मी म्हटलं, कळांमध्ये बाईला उभं धरून कधीकधी डुलावंही लागतं. त्या हसल्या, पण पुढचं वाक्य सरळ होतं. “तिची आय असती तर तीच आत गेली असती. आता आय मीच हाय. तुमी पाहुन्या. जेवा, धरण बघा.”

पूजा खाली मान घालून लसूण सोलत राहिली. आत्याला दुखवायचं तिच्या जिवावर आलं होतं, आणि मलाही ते नको होतं. जेवायला नागलीची भाकरी आणि हुलग्याची शेंगोळी होती. अशी शेंगोळी मी जन्मात खाल्ली नव्हती.

दुसऱ्या दिवशी पूजाची तपासणी होती. तिघी मिळून अकोल्याला गेलो. आधी अगस्ती ऋषींच्या मंदिरात दर्शन घेतलं. प्रवरेकाठी शांत जागा आहे, वेळ काढून जरूर जा. मग प्रसूतिगृह. माझा अनुभव सांगते. पहिल्या भेटीला एकटीने जाऊ नका, पेशंटबरोबर जा. बाजारचा दिवस टाळा. गर्दी ओसरल्यावर आत जा.

डॉक्टरबाई साठीच्या असतील. पूजाला तपासलं, सगळं ठीक म्हणाल्या. मग मी माझं कार्ड पुढे केलं. आता माझी चूक सांगते. कार्ड छापताना मी ‘प्रसूतीत सोबत व सेवा’ असं लिहून दिलं होतं. प्रेसवाल्याने मोठ्या अक्षरांत बसावं म्हणून ते ‘प्रसूती सेवा’ केलं. मलाही ते वजनदार वाटलं आणि मी तसंच राहू दिलं.

डॉक्टरबाईंनी चष्मा वर केला. “प्रसूती सेवा? म्हणजे प्रसूती तुम्ही करणार? मग आम्ही काय करायचं?”

मी म्हटलं, डॉक्टर, त्यातला ‘त’ राहिलाय. मी प्रसूती करत नाही. प्रसूतीत सोबत असते, एवढंच. त्यांनी शिक्षण विचारलं, मी दहावी सांगितली. मग त्यांनी मागचा एक किस्सा सांगितला. कुणी एक बाई अशीच पेशंटबरोबर आली होती आणि ऐन वेळी इंजेक्शनवरून सिस्टरशी वाद घालत बसली. तेव्हापासून बाहेरचं कुणी आत घ्यायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. नियम त्यांनी उगाच केला नव्हता, हे मला पटलं आणि मी तसं म्हटलंही. आत्या शेजारी बसून माझ्याकडे बघत होत्या.

तेवढ्यात आतून कण्हण्याचा आवाज आला. घाटघरकडची एक बाई कळा देत होती. तिची सासू कपडे आणायला गेली होती आणि सिस्टर एकटीच होती. डॉक्टरबाई उठता उठता म्हणाल्या, “या. सासू येईपर्यंत बसा. बघू तुमची सोबत.”

मी आधी त्या बाईला विचारलं, पाठीला हात लावू का?

“लावा की. कोन तुमी?”

“मी सोबत.”

तिने पाठ माझ्याकडे केली. कंबरेच्या खाली दोन्ही तळहातांनी दाबत राहिले. कळ आली की तिच्याबरोबर लांब श्वास सोडायचा, कळ गेली की पाण्याचा घोट. मनात नामस्मरण चालू होतं, तोंडाने नाही. डॉक्टरबाई दोनदा येऊन तपासून गेल्या. दोन्ही वेळा मी बाजूला सरले आणि एक शब्द बोलले नाही. तासाभराने सासू आली. मी उठले, तिला त्या जागी बसवलं, तिचे हात धरून कुठे दाबायचं ते दाखवलं आणि बाहेर आले. आत्यांनी दारातून हे सगळं पाहिलं होतं.

बाळ दुपारी झालं, मुलगी. रडणं ऐकून आम्ही बाहेर बसलेल्या तिघींनी एकदमच हात जोडले.

नंतर डॉक्टरबाईंनी माझं कार्ड उलटं करून पेन दिलं. म्हणाल्या, काय करणार आणि काय नाही, लिहा. मी लिहिलं, तपासणार नाही, औषध सुचवणार नाही, डॉक्टर-सिस्टर बोलत असताना मध्ये बोलणार नाही, पेशंट म्हणेल तेव्हा बाहेर जाईन. खाली सही केली. त्यांनी ते कार्ड पूजाच्या फाईलला टाचलं. पुढच्या बाजूला ‘प्रसूती’पुढे स्वतःच्या हाताने ‘त’ही घातला. “पण आत एकच बाई,” त्या म्हणाल्या. “कोण, ते तुम्ही आपसांत ठरवा.”

म्हणजे गाडी पुन्हा आत्यांपाशीच अडली. मी स्वतःहून म्हटलं, आत्या, तुम्हीच जा. हात कसा लावायचा ते मी तुम्हाला दाखवून ठेवते.

आत्यांनी मला जिन्यापाशी ओढलं. “मला रगत बघवत न्हाई,” त्या हळूच म्हणाल्या. “वासरू व्हताना सुदा मी गोठ्याभायेर असते. पर आयची जागा हाय, कसं सोडायचं? लोक काय म्हनत्याल? आज बघितलं, तुमी त्या सासूला जागा दिली. मी दाराशी बसते. तुमी आत बसा, आन दर घडीला मला येऊन सांगा.”

दर घडीला नाही, पण अधूनमधून नक्की सांगेन, असं मी कबूल केलं. मागून आलेल्या पूजाने आमच्या दोघींचे चेहरे बघितले आणि ती भर जिन्यात रडली. आत्यांनी तिला दटावलं आणि मग स्वतःच पदर डोळ्याला लावला. (हे लिहू का म्हणून आत्यांना फोनवर विचारलं. म्हणाल्या, लिवा, आमच्या गावात कोन वाचतंय.)

संध्याकाळच्या गाडीने परत निघाले. जाताना पाहिलं नव्हतं ते येताना दिसत होतं. डोंगरांवरचं उतरतं ऊन, संगमनेरच्या स्टँडवर डाळिंबाच्या पेट्या, राहुरीजवळ उसाच्या ट्रॉलीमागे रांगत चाललेली आमची गाडी. उशीर होत होता तरी चिडचिड झाली नाही. धरण बघायचं राहिलं, पण तीन आठवड्यांनी जायचंच आहे.

या दोन दिवसांतून माझ्याजवळ राहिलं ते हे. डॉक्टरांचा विश्वास बसायला माझं कार्ड उपयोगी पडलं नाही, सासू आल्यावर मी जागा सोडून उठले, ते उपयोगी पडलं. आणि ओळख नुसती डॉक्टरांशी करून भागत नाही. दाराशी जी बाई बसणार असते, तिच्याशीही करावी लागते, कदाचित आधी.

दुसऱ्या दिवशी दुपारी पूजाचा फोन आला. चांगला अर्धा तास चालला. बाळाची कुंची शिवायला घेतलीय, आत्या म्हणतात हिरवी, तिला हवीय पिवळी, पिवळी लवकर मळते हे खरं, पण दिसते छान, तर काकू, तुम्हीच सांगा.

मी म्हटलं, दोन्ही शीव.